मशीनच्या तोंडातला भंडारा

उस्मानपुऱ्यात एका टेलरच्या दुकानावर दहा बाय बाराची खोली आहे. बाहेर 'जात पडताळणी, दाखले, ऑनलाइन अर्ज' अशी पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. खेड्यापाड्यातून आलेला माणूस खाली टेलरलाच विचारतो, "रामप्रसादभाऊ इथंच बसतेत का?" टेलर मान वर न करता सुईनंच जिना दाखवतो.

रामप्रसाद हा त्रेचाळीस वर्षांचा, अंगानं किरकोळ, बोलायला मऊ माणूस. गिऱ्हाइकानं तीनदा तेच विचारलं तरी तीनदा सांगेल. पण कागदाच्या बाबतीत मात्र दुर्वास. कुणी टेबलावर चहाचा कप ठेवला की संपलाच. मूळ कागद हातात घ्यायच्या आधी तो हात धुऊन येणार, पंचाला पुसणार, कागद पारदर्शक कव्हरात सरकवणार आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मोजून परत देणार. लोक हसायचे. फुलंब्रीचा एक जण तर म्हणाला होता, "भाऊ, देवाचा टाक बी तुम्ही इतका जपत नसाल." रामप्रसाद हसला नाही. त्याला त्यात विनोद दिसलाच नाही.

दिसणार तरी कसा? त्याचे वडील आप्पा देवगाव रंगारीचे, मेंढरांमागं आयुष्य घातलेलं. वर्षातले आठ महिने मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, आज या शिवारात, उद्या त्या. पोरं जन्मली ती कुणाच्या तरी बांधावर. त्यांची नोंद कोण करणार आणि कुठं? बारावीनंतर रामप्रसादला डिप्लोमाला जागा मिळाली होती. राखीव जागा, म्हणून जातीचा सन एकसष्टच्या आधीचा पुरावा आणा म्हणाले. सगळ्या भावकीत तसा कागदाचा कपटासुद्धा निघाला नाही, आणि जागा गेली. आप्पा कचेरीच्या पायरीवर बसून म्हणाले होते, "आमी हाव की समोर. माणूस दिसतो, मंग कागद कशाला लागतो?" त्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. रामप्रसादनं उत्तराची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच्या ऑफिसात चौदा वर्षं ऑपरेटर म्हणून काढली, मग स्वतःची खोली घेतली आणि ज्यांच्याकडं कागद नाही त्यांचे कागद शोधायचा धंदा सुरू केला.

यंदा जूनच्या शेवटी, ऐन प्रवेशाच्या हंगामात, त्याचं जुनं प्रिंटर बसलं. आधी पानावर एक काळी रेघ यायला लागली, मग दोन, मग नुसता घरघर आवाज. तसंही ते फक्त काळं छापायचं. आता पोर्टलला मूळ कागदाचं रंगीत स्कॅन लागतं, शिक्का जांभळा तर जांभळाच दिसायला हवा. एकाच मशीनमध्ये स्कॅन, रंगीत छपाई, झेरॉक्स सगळं हवं होतं, आणि हवं होतं ते कालच.

मशीन निवडायला त्यानं तीन दिवस लावले. मुलीसाठी स्थळ पाहणारा बापसुद्धा एवढ्या चौकशा करत नाही. दुकानातला विक्रेता विश्वजीत, जेमतेम पंचविशीचा, त्याच्यासमोर दोन मशीन ठेवून दमला. एक शाईच्या टाकीचं. स्वस्त, रंग सुंदर, कागद काचेवर एकेक ठेवायचा. दुसरं लेझरचं. महाग, पण वर फीडर, म्हणजे गठ्ठा ठेवला की कागद आपोआप एकेक आत ओढून घेतो, पुढून मागून स्कॅन करतो आणि बाहेर सोडतो.

"शाई वल्ल्या हातानं फिसकटती का?" रामप्रसादनं विचारलं.

"थोडी फिसकटती, सर. पाणी लागलं तर."

कचेरीतला कारकून पानं उलटायला बोट ओल्या स्पंजवर दाबतो आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक ओल्या हातानंच येतं, हे विश्वजीतला कुठून ठाऊक असणार? शाईचं मशीन तिथंच बाद झालं.

"आणि हे पाहा," विश्वजीतनं लेझरच्या काचेवर स्वतःचं जुनं गुणपत्रक ठेवलं. रंगीत प्रत निघाली. दोन्ही शेजारी धरून तो म्हणाला, "वळखा सर, असली कोणतं?"

रामप्रसादला पटकन ओळखता आलं नाही. त्याला मनापासून आनंद झाला, आणि थोडी भीतीही वाटली. मग त्यानं शेवटचं विचारलं, "फीडरमधी जुना, जीर्ण कागद घातला तर?"

"जुना कागद काचेवरच ठेवायचा, सर. फीडरला कधीच नाही."

"कधीच नाही," रामप्रसाद स्वतःशी म्हणाला आणि लेझर घेतलं. दहा बाय बाराच्या खोलीत ते मशीन म्हणजे नाकापेक्षा मोती जड होतं, पण त्यानं खिडकीखाली जागा केली. निवड चुकली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. पुढं जे झालं त्यात मशीनचा काही दोष नाही.

मशीन आलं त्या दिवशी आप्पा पूजेला आले. डोक्याला फेटा, कमरेला भंडाऱ्याची पिशवी. रामप्रसादनं आधीच बजावलं होतं, वरून फक्त बोटभर लावा. आप्पांनी मान हलवली आणि रामप्रसाद खालून नारळ आणायला गेला. आप्पांची एक रीत आहे. वाड्यात नवी मेंढी आली की तिच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायचा आणि चिमूटभर तोंडात घालायचा. नुसत्या कपाळाला लावलेलं जनावराला लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी मशीन चारी बाजूंनी पाहिलं, तोंड कुठं आहे ते शोधलं, झाकण उघडलं आणि काचेवर चिमूट सोडली. वर कागद ओढणारी फट दिसली, तिथंही सोडली. मग झाकण लावून हात जोडले.

रामप्रसाद वर आला तेव्हा म्हातारा इतक्या समाधानानं हसत होता की त्याला रागावता आलं नाही. त्यानं घाईघाईत ओल्या फडक्यानं काच पुसली. काच स्वच्छ झाली. पण झाकणाच्या आतल्या बाजूला, कागद दाबून धरणारा जो पांढरा पट्टा असतो, तो पिवळा झाला. हळद ती. पुसावी तितकी पसरते. फटीतलं त्यानं फुंकून काढलं, जेवढं निघालं तेवढं. पुढचे आठ दिवस जाड नवे कागद काचेवर ठेवले तेव्हा काही दिसलं नाही, फीडरनंही तक्रार केली नाही, आणि तो विसरून गेला.

मग कडूबा आले.

कडूबा फुलंब्रीकडचे, सत्तरी ओलांडलेले, त्यांचाही जन्म मेंढरांमागंच गेलेला. बरोबर नात योगिनी. पोरीला नर्सिंगच्या डिग्रीला जागा मिळाली होती, इथंच, शहरात. पडताळणीचा अर्ज त्याच दिवशी पाच वाजायच्या आत पोर्टलवर चढवून पावती मिळवायची, नाहीतर जागा पुढच्या नंबरला. दोन आठवडे ती दोघं पुराव्यासाठी वणवण फिरली होती आणि शेवटी कडूबांनी घराच्या आढ्यातून एक पत्र्याची डबी काढली होती.

डबीत एक दाखला होता. सन सत्तावन्नचा. कडूबांचे थोरले भाऊ सर्जेराव दोन वर्षं शाळेत गेले होते, पुढं मेंढरांमागं जावं लागलं तेव्हा मास्तरांनी दिलेला. नाव, जात, जन्मतारीख, जांभळा गोल शिक्का. कागद कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ झालेला. शाळेचं जुनं रजिस्टर वाळवीनं कधीच संपवलेलं, तसं पत्र शाळेनं दिलं होतं. म्हणजे जगात पुरावा होता तो एवढाच.

रामप्रसादनं तो हातात घेतला. आपल्या आप्पांकडं असा एक असता तर, हा विचार त्याच्या मनात आल्यावाचून कसा राहील?

"बाबा, हे सोनं हाय," तो म्हणाला.

"सोनं आसंल, आम्हाला काय कळतं? मी अंगठेबाज," कडूबा म्हणाले. "तुह्याकडं दिलं म्हंजी झालं."

योगिनी शपथपत्र करायला कोर्टाकडं गेली. कडूबा बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसले. तेव्हा दोन वाजले होते.

रामप्रसादनं दाखला काचेवर ठेवला, स्कॅन केलं आणि पडद्यावर पाहिलं तर कागदाच्या मधोमध पिवळा डाग. नेमका जातीच्या रकान्यावर. त्यानं काच पुसली, पुन्हा केलं. डाग तिथंच. झाकण उघडून पाहिलं तेव्हा कळलं. कागद इतका पातळ की मागच्या पट्ट्याची हळद त्यातून आरपार दिसत होती. पडताळणी समितीतला माणूस हा डाग पाहून काय म्हणेल ते रामप्रसादला तोंडपाठ होतं. जातीच्या रकान्यावर रंग म्हणजे खाडाखोड. खाडाखोड म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे सहा महिने. त्यानं पट्टा साबणानं घासला. तो आणखी पिवळा झाला. तीन वाजले.

आता ऐका. दाखल्याच्या मागं एक कोरा पांढरा कागद ठेवला असता तर काम झालं असतं. एक कोरा कागद! टेबलावर पाचशे कोऱ्या कागदांचं रीम उघडं पडलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. पण घाबरलेल्या माणसाला हाताशी असलेलं दिसत नाही. त्याला दिसलं ते वरचं फीडर. त्याच्या आत वेगळी काच असते, हळद नसलेली. 'कधीच नाही' हे शब्दही त्याला आठवले, हे विशेष. तो मनाशी म्हणाला, एकदाच, हळूच, कडेला हात धरून.

मशीननं कागद घेतला. अर्धा आत गेला आणि थांबला. फटीतली उरलेली हळद कागद ओढणाऱ्या रोलरला लागली होती. एक रोलर घसरला, दुसरा ओढत राहिला. आवाज फार मोठा झाला नाही. रामप्रसादनं झाकण उघडलं तेव्हा सर्जेरावांचा दाखला तीन तुकड्यांत होता आणि मधला तुकडा चोळामोळा होऊन रोलरला गुंडाळलेला. तो त्यानं चिमट्यानं काढला. जातीचा रकाना मधोमध फाटला होता, वर पिवळा.

तो खाली बसला, मशीनला पाठ लावून. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचा कागद साधा दुमडला नव्हता. आणि फाटला तो कोणता, तर ज्याला दुसरा नाही तो. स्वतःला मारावं असं त्याला वाटलं, आणि आप्पांची एवढी चीड आली की ते समोर असते तर काय बोलला असता कुणास ठाऊक. बाहेर कडूबा खोकले. दाराच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती. इतकी निवांत पाठ त्याला बघवेना.

आणि मग त्याला विश्वजीतचं वाक्य आठवलं. वळखा, असली कोणतं?

पिवळ्या डागाचं का होईना, पूर्ण स्कॅन त्याच्याकडं होतं. पडद्यावर डाग काढणं दहा मिनिटांचं काम. कपाटात एका जुन्या वहीची मागची कोरी पानं होती, तपकिरी पडलेली. रामप्रसाद उठला. दाराला आतून कडी घातली. डाग पुसला. पान मापानं कापलं. काम बिनचूक चाललं होतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती. आपण कुणाचं नुकसान करत नाही, जे होतं तेच परत देतोय, असं तो स्वतःला सांगत राहिला. मशीननं सर्जेरावांचा दाखला छापून दिला. तोच जांभळा शिक्का, तीच वळणदार अक्षरं. त्यानं त्याला मूळ घड्यांच्या जागी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. खोट्या कागदांची शंभर प्रकरणं त्यानं हाकलून लावली होती. आज तसं प्रकरण घेऊन आलेला माणूस तो स्वतःच होता.

पावणेचारला त्यानं कडी काढली. कडूबा पाणी प्यायला म्हणून आत आले. रामप्रसादनं कव्हरातला कागद पुढं केला. "घ्या बाबा. मूळ कागद सांभाळा. समितीपुढं हाच दाखवायचा."

कडूबांनी तो कव्हरातून बाहेर काढला. डोळ्यांजवळ नेला नाही, नेऊन उपयोग नव्हता. नुसता अंगठा वरच्या कोपऱ्यावरून फिरवला. एकदा, मग परत.

"भोक कुठं गेलं?" ते म्हणाले.

"कसलं भोक, बाबा?"

"माह्या मायनं हितून सुतळी ओवली व्हती. वाडा हलला की हा कागद तिच्या गळ्यात असायचा. सर्जादादा मेला तरी तिनं काढला नाय." त्यांनी कोपरा पुढं धरला. भोकाच्या जागी कागदावर नुसता गोल ठिपका छापला होता. "मला वाचता येत नाय, रामप्रसाद. पर माह्या भावाचा कागद मला कळतो. हा त्यो नाय."

रामप्रसादला वाटलं होतं की आपण काहीतरी बोलू. कागद ओला होता, झेरॉक्सच हाती आली, चुकून बदलला. पण त्यानं खण उघडला आणि तीन तुकडे टेबलावर ठेवले. मग सगळं सांगितलं. हळद, पट्टा, फीडर, कडी लावून केलेलं काम, सगळं. सांगताना तो रडत होता, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही, कारण लाज वाटायला मोठं कारण टेबलावर पडलं होतं.

योगिनी कधी दारात येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नाही. हातात शपथपत्र. तिनं तुकडे पाहिले, शेजारचा गुळगुळीत खोटा दाखला पाहिला आणि ओरडली, "काका, तुम्ही? आवो, गावात समदे म्हन्ले रामप्रसादकाकांकडंच द्या!" आणि ती मटकन खुर्चीत बसली. "गेली आता माझी जागा."

कडूबांनी तुकड्यांवर हात ठेवला. चिडले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या तर रामप्रसादला बरं वाटलं असतं. शेवटी ते म्हणाले, "किती वाजले?"

"सव्वाचार," योगिनी म्हणाली.

"मंग दुसरीकडं जायाला येळ नाय. आन् दुसरं कोन हाय बी कुठं? आम्हाला हा एकच दरवाजा म्हाईत." ते रामप्रसादकडं वळले. "फाडला बी तूच, खोटा बी तूच केलास. आता खरं काय ते बी तूच लिही. त्या सायबाला कळंल आसं लिही."

"बाबा, लिहिलं तरी मानतीलच आसं नाय. सुनावणी लावतील. मला तर ते परत दारात बी उभं करणार नाहीत."

"तुहं तू बघ. पोरीचं सांग."

त्यात दया नव्हती आणि सूडही नव्हता. गरज होती नुसती. ज्यानं घात केला त्याच्याचकडून काम करून घ्यायचं, एवढाच रस्ता त्या म्हाताऱ्याला उरला होता. रामप्रसादला ते शिक्षेपेक्षा जड गेलं.

त्यानं खोटा दाखला त्यांच्यासमोर फाडला. कोरा कागद घेतला. टाइप करायला बसला नाही, पेन घेतलं. 'मी, रामप्रसाद आप्पा, राहणार देवगाव रंगारी, हल्ली मुक्काम उस्मानपुरा, लिहून देतो की...' अक्षर वाकडंतिकडं आलं, पण थांबला नाही. अर्ध्या पानात सगळं आलं. पिवळ्या डागाचं मूळ स्कॅन, तुकड्यांचा फोटो आणि हा जबाब, तिन्ही अर्जाला जोडायचं ठरलं.

"वाचून दाखव," कडूबा म्हणाले. "मला कळू दे काय चाललंय ते."

तो वाचायला लागला. मशीन, हळद, फीडर इथपर्यंत नीट गेलं. 'त्यानंतर मी घाबरून सदर दाखल्याची खोटी' इथं आला आणि अडला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथंच.

योगिनी उठली. तिनं त्याच्या हातातून कागद घेतला आणि खिडकीजवळ जाऊन, शाळेत धडा वाचतात तसा स्वच्छ, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कडूबा मान हलवत ऐकत होते. घड्याळात चार एकेचाळीस झाले होते.

तिनं कागद टेबलावर परत ठेवला.

"काका," ती म्हणाली, "खाली सही राहिली. आन् तारीख."

रामप्रसादनं सही केली. मग तारीख घातली.